बॉनेटवरची बोटं

थिनरचा वास आला की मला अजून भूक लागते. हे मी सहसा कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की लोक जरा काळजीनेच बघतात. कारण तसं साधं आहे. त्या वर्षी आमच्या घरात थिनर आणि वरण यांचे वास एकाच वेळी दरवळायचे. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाबा गाडीला रंग मारत असायचे आणि मी स्वयंपाकघरात कुकर लावून खिडकीशी उभी असायचे. तिकडे कॉम्प्रेसर धडधडायचा, इकडे शिट्टी व्हायची, आणि दोन्ही थांबले की घरात अशी शांतता पसरायची की आम्ही दोघंही कशाची तरी चाहूल घेत गप्प राहायचो. कशाची, ते आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं.

ते घर जपानात, कावासाकीच्या टेकड्यांकडच्या बाजूला होतं, नाशपातीच्या बागांना लागून. त्याआधी आम्ही ओजिमाच्या सरकारी इमारतीत राहायचो. तिथे खाली-वर आपलीच माणसं, गणपतीला एकमेकांच्या घरी मोदक, आणि जिन्यात फोडणीचा वास. तिथून कामावर जायला बाबांना लांब पडतं, हे घर बदलण्याचं जाहीर कारण. खरं कारण ती पत्र्याची शेड. बाबा एका संशोधन केंद्रात रंग आणि चिकटद्रव्यांवर काम करायचे. कुठला थर कशावर बसतो, कुठला सोलून निघतो, यावर आमच्याकडे आमटी वाढता वाढता चर्चा व्हायची. आई म्हणायची, "या माणसाने मला बघायला आल्यावर आमच्या दाराचा ऑइलपेंट खरवडून पाहिला होता." बाबा नाकारायचे, पण जोरात नाही.

आणि अशा माणसाने एक दिवस इंग्लंडहून सुट्या भागांची गाडी मागवली. दोन माणसांची, उघडी, आपली आपण जोडायची. खोकी उतरवायला आलेली माणसं अंगणात मावेनाशी झाली. सगळ्यात शेवटी उतरली ती फायबरची बॉडी, वर नुसता राखाडी प्रायमर मारलेली. आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "नवरी पाठवली, पण न्हाऊमाखू न घालता." मग ती आत गेली आणि पूजेचं ताट घेऊनच बाहेर आली.

बाबा म्हणाले, "अगं, ही गाडी कुठे आहे अजून? भाग आहेत नुसते. जोडू दे, रंगू दे, मग कर पूजा."

"घरी आली ना? मग आजच. उंबऱ्यात आलेल्याला ताटकळत ठेवतात का?"

चाकं खोक्यात होती, त्यामुळे लिंबं कशाखाली ठेवायची हा प्रश्न पडला. शेवटी तिने ती बॉडीखालच्या लाकडी ठोकळ्यांना टेकवून ठेवली आणि आम्ही तिघंही हसलो. नारळ फोडला. मग कुंकू. पाण्यात कालवलेलं त्या गुळगुळीत अंगावरून ओघळायला लागलं, म्हणून तिने आतून खोबरेल तेल आणायला मला पिटाळलं. तेलात कुंकू दाट कालवून तिने उजव्या हाताची पाचही बोटं त्यात बुडवली आणि बॉनेटवर वरून खाली ओढली. आईची अनामिका लहानपणी विळीवर कापलेली, पेरभर आखूड. त्यामुळे तिने कुठेही बोटं ओढली तरी पाचांतली एक रेघ इतरांपेक्षा तोकडी यायची. आमच्या ओजिमाच्या दारावर, नव्या फ्रिजवर, माझ्या शाळेच्या दप्तरावरसुद्धा तीच खूण होती.

"तेल नको होतं गं," बाबा कळवळून म्हणाले. "प्रायमर शोषून घेतो. आता लगेच पुसायला हवं." ते फडकं घेऊन पुढे झालेही. आईने त्यांचा हात धरला.

"कुंकू पुसायचं नसतं. आपोआप जाईल ते. आणि रंग लाल द्या हं, डाळिंबी. पांढरी नको, ती काय दवाखान्यातली गाडी आहे?"

"लाल दिली तर लोकांना वाटेल आग विझवायला निघालोय," बाबा म्हणाले, आणि फडकं खांद्यावर टाकून आत गेले.

आई आजारी पडली तेव्हा गाडीला चाकं लागली होती. त्या आजाराबद्दल मी इथे लिहिणार नाही. पुढच्या थंडीत ती गेली. एवढंच सांगते की त्या सगळ्या काळात शेडचं दार क्वचितच उघडलं आणि बॉनेटवरचं कुंकू तसंच राहिलं. दहाव्याला बाबांनी नदीकाठी पिंड ठेवला. आम्ही नीट मागे सरकायच्या आधीच कावळ्याने तो उचलला. इथले कावळे मोठे. कचऱ्याच्या पिशव्यांवर जाळी घातली नाही तर रस्ताभर जेवण मांडतात. "जपानचा कावळा तो," बाबा म्हणाले, "त्याचं शिवणं धरायचं की नाही, कोण जाणे." ते विनोद करत होते की काय, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

आई गेल्यावर घरातली मराठी कमी झाली. मी जपानीत उत्तर दिलं की ती "पुन्हा बोल, आता माणसांच्या भाषेत" म्हणायची. आता तसं म्हणणारं कुणी नव्हतं. बाबा मराठीत विचारायचे, मी जपानीत उत्तर द्यायचे, आणि दोघं टीव्हीकडे बघत जेवायचो. अशातच मे महिन्यात एका सकाळी बाबा म्हणाले, "पावसाळी दिवस सुरू व्हायच्या आत गाडी रंगवून टाकू. एकदा हवेत दमटपणा आला की रंग धुरकट पडतो." मी मान डोलावली. त्यांनी पांढरा रंग आणला होता. लाल का नाही, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, आईचं वाक्य ते विसरले असतील, किंवा विसरले नसतील म्हणूनच पांढरा आणला असेल.

जपानात घरी स्प्रे मारायचा तर पहिली तयारी रंगाची नसते, शेजाऱ्यांची असते. बाबा आणि मी मिठाईचा खोका घेऊन मोरिता-सानांकडे गेलो. मोरिता-सान आमच्या घरमालकीण. नाशपातीची बाग त्यांचीच, आणि त्यांच्या कपडे वाळत घालायच्या दांड्या बरोबर आमच्या शेडसमोर. कुठल्या दिवशी कपडे बाहेर नसतील, वारा कुठून असेल, सगळं ठरलं. निघताना त्या मला हळूच म्हणाल्या, "मंजू-चान, तुझ्या आईचे ते पिवळे गोल लाडू असायचे ना." मी वाकून नमस्कार केला.

मग शेडला आतून प्लास्टिकचा कागद लावला. धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडलं, काचेवर आणि दिव्यांवर मास्किंग टेप डकवली. राहिलं फक्त कुंकू. बाबांनी ओला पॉलिश पेपर हातात घेतला, बॉनेटपाशी उभे राहिले आणि तो माझ्याकडे दिला. "तू कर." मी सोळा-सतराची होते. मी डोळे बारीक करून घासलं. लाल पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. राखाडी प्रायमर वरून स्वच्छ दिसायला लागला तेव्हा बाबा बाहेर नाशपातीच्या झाडांकडे पाठमोरे उभे होते.

पांढऱ्याचा पहिला हात फार सुंदर बसला. रंगाची स्प्रे-गन नाकाच्या सरळ रेषेत, एकाच वेगाने, कुठे थांबणं नाही. बाबांना असं काम करताना मी प्रथमच बघत होते. ज्यांच्या हाताने चहाचा कप कधी धड टेबलावर उतरला नाही त्यांचा हात तिथे जराही हलत नव्हता. काम संपवून आम्ही मास्क काढले. मी कुकर बंद करून परत आले तर बाबा तसेच उभे होते, बॉनेटकडे बघत. पांढऱ्याखालून गुलाबी काहीतरी वर येत होतं. आधी नुसती सावली, मग ओळ, मग पाच ओळी. त्यांतली एक तोकडी.

माझ्या अंगावर काटा आला हे कबूल करते. मी जपानीत "आई" म्हणाले, मराठीतही म्हणाले.

"घाबरू नकोस," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज व्याख्यानातला झाला होता. "बाजारच्या कुंकवात कृत्रिम रंग असतो. तेलाबरोबर तो प्रायमरमध्ये खोल उतरलाय. पांढऱ्यातल्या थिनरमध्ये तो विरघळतो, आणि थिनर उडून जाताना त्याला वर घेऊन येतो. यात काही नाही."

"मग पुन्हा मारला तर?"

"पुन्हा येईल."

"किती वेळा?"

"कुंकवातला रंग संपेपर्यंत," ते म्हणाले.

मोरिता-सानांचे कपडे बाहेर नसतील त्या दिवशी आम्ही वरचा थर घासून पुन्हा पांढरा मारायचो, आणि पुन्हा ती बोटं यायची. बाकी गाडी केव्हाच झाली होती. दरवाजे, मागचा भाग, मडगार्ड, सगळं चकाचक. राहायचं ते बॉनेट. हळूहळू माझ्या एक गोष्ट लक्षात यायला लागली. हात मारून झाला की बाबा पूर्वी पहिल्यांदा गन धुवायचे, कारण गन लगेच धुतली नाही तर ती बाद होते, हे त्यांचंच वाक्य. आता ते गन तशीच ठेवायचे, कोपऱ्यातलं लाकडी स्टूल बॉनेटसमोर ओढायचे आणि बसायचे. गुडघ्यांवर हात, मान जरा तिरकी. आई केस विंचरत असताना तिच्याशी बोलायला ते असेच बसत. गुलाबी रेघ उमटली की त्यांचे खांदे सैल व्हायचे. एकदा मी दारात आहे हे न कळून ते म्हणाले, "आलीस?"

मी मागच्या मागे घरात गेले. स्वयंपाकघरात उभी राहिले आणि नळ सोडून ठेवला.

त्या सुमारास शैलाकाकू आल्या. ओजिमातल्या आमच्या शेजारीण, आईची मैत्रीण. तीन गाड्या बदलून, हातात डब्यांची पिशवी. पुरणपोळ्या, कटाची आमटी, आणि आमच्या फ्रिजकडे बघून केलेला एक लांब सुस्कारा. त्या आल्या तेव्हा बाबा शेडमध्ये स्टुलावर होते. काकू कौतुकाने गाडी बघायला गेल्या आणि बॉनेटशी थबकल्या. त्यांनी त्या आखूड रेघेकडे बोट दाखवलं.

"अहो भाऊजी! ही सुमनची बोटं आहेत."

"तिनेच ओढली होती, वहिनी, पूजेच्या वेळी. कृत्रिम रंग आहे तो. थिनरने वर येतोय."

"येईना का थिनरने. पुन्हा पुन्हा येतोय ना? पिंडाला कावळा शिवला होता का नीट?"

"तिकडे कावळा आमच्या आधीच येऊन बसला होता."

"थट्टा करू नका. काहीतरी मागे राहिलंय तिचं. बोलली होती का काही? काही हवं होतं का तिला?"

बाबा हसले आणि त्यांनी काकूंना चहा विचारला. मी मात्र हसले नाही. काकूंचं ते "हवं होतं का" माझ्या डोक्यात रुतून बसलं. मला भुताखेताचं खरं वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. पण त्या दिवसांत संध्याकाळी एकटीने शेडसमोरून जायचं माझ्या जिवावर यायचं, हेही तितकंच खरं आहे. कधी वाटायचं, दार उघडलं तर बॉनेटवर ताजं, ओलं कुंकू असेल. आणि त्याहून वाईट म्हणजे, कधी वाटायचं की नसेल.

काकू गेल्या त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी पॉलिश पेपर शोधायला शेडमधल्या फळीवर चढले. थिनरच्या डब्यांमागे एक डबा होता, दुकानाची चिकटपट्टी अजून तशीच, झाकण न उघडलेलं. वर जपानीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की खालचा डाग वर येऊ नये म्हणून रंगाआधी हा थर मारावा. सीलर. शेजारी पांढऱ्या रंगाचा पहिला डबा होता, त्यावरही तीच पट्टी, त्याच दुकानाची. दोन्ही एकाच दिवशी आणलेले होते. बाबांना पहिल्या दिवसापासून उपाय ठाऊक होता, नुसता ठाऊक नव्हता तर घरात होता. मी फळीला धरून उभी राहिले. खाली बॉनेटवर आदल्या दिवशीचा हात वाळला होता. मी उतरून बघितलं. चार रेघा होत्या, त्याही पुसट, धुऊन धुऊन विटलेल्या ओढणीसारख्या. पाचवी, आखूड, आलीच नव्हती.

जेवताना मी तो डबा बाबांच्या ताटाशेजारी ठेवला.

"हे काय?"

"तुम्हीच सांगा."

बाबांनी भात कालवायचा थांबवला. "सीलर आहे."

"मग मारला का नाही?"

"मारला की बंद होईल."

"तसंही बंद होतंय! काल आखूड बोट आलं नाही. बघितलंत?"

"बघितलं," ते म्हणाले. "रात्रभर तेच बघत होतो."

"झुरुइ!" मी ओरडले. शाळेत एखाद्याने सगळ्यांचा खाऊ एकट्यानेच खाल्ला की आम्ही हा शब्द ओरडायचो. रागात मला मराठी सुचेना, आणि त्या वेळी मला राग इतका आला होता की ताट भिरकावून द्यावंसं वाटत होतं. ती माझीही आई होती, आणि बाबा एकटे शेडमध्ये बसून तिला थोडं थोडं खर्च करत होते. दर वेळी हात मारायचा, तिला बोलवायचं, बघायचं, घासायचं. मला एकदाही त्यांनी बोलावलं नव्हतं. हे मी तुटक जपानीत, मग तुटक मराठीत, मग नुसतं रडत सांगितलं.

बाबांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "मला वाटायचं, आता शेवटचं. एकदा नीट बघून घेऊ आणि सीलर मारू. पण ती आली की वाटायचं, आज एवढी स्पष्ट आलीये, तर अजून एकदा येईल." त्यांनी डबा उलटसुलट करून पाहिला. "रसायन कळून काही उपयोग होत नाही बघ."

कुकर मघाच उतरवला होता, पण घर अजून वरणाच्या वासाने भरलेलं होतं. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "आईला लाल हवी होती."

"ठाऊक आहे मला."

"मग उरलंय ते आतच ठेवू. उद्या सीलर मारू आणि वरून लाल."

"लालवर काहीच दिसणार नाही, मंजू."

"नाही दिसलं तरी चालेल. संपणार तर नाही ना?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदा मला त्यांचं वय दिसलं. त्यांनी मान हलवली. "नाही. सीलरखाली आहे तेवढं राहील."

डाळिंबी रंग दुकानात तयार मिळेना. बाबांनी लाल आणि थोडा काळसर तपकिरी एकत्र करून तो जमवला. पुठ्ठ्यावर नमुना मारून उन्हात धरायचा आणि मला विचारायचं, "हा? की अजून गडद?" आईच्या पैठणीच्या काठाशी लावून आम्ही तो ठरवला. मोरिता-सानांना पुन्हा मिठाई दिली. या वेळी मी बेसन भाजून लाडू वळले होते. ते धड वळले गेले नव्हते, पण मोरिता-सानांनी तिथेच एक खाल्ला आणि डोळे मिटले.

सीलरच्या दिवशी बाबांनी गन भरली, दाब तपासला आणि मास्क लावला. मग बॉनेटसमोर उभे राहिले, पण त्यांचा तो न हलणारा हात हलत होता. त्यांनी गन माझ्या हातात दिली आणि स्वतः मागे नळी सांभाळत उभे राहिले. "थांबू नकोस," ते म्हणाले. "थांबलीस की ओघळतं." मी थांबले नाही. सीलर पारदर्शक होता, त्याखाली ती चार पुसट बोटं ओली होऊन पुन्हा जरा गडद झाल्यासारखी दिसली. वर मात्र आली नाहीत. दुसऱ्या दिवशी लाल. पहिल्या हातानंतर ती अंधुक जाणवत होती, की मला जाणवत होती, कोण जाणे. दुसऱ्या हातानंतर सगळं बॉनेट एकसारखं डाळिंबी झालं.

मी गन धुवायला घेतली. मागे स्टूल ओढल्याचा आवाज आला. बाबा बसले होते, गुडघ्यांवर हात, मान तिरकी. गन धुतली, कागद आवरले, मोरिता-सानांच्या दांड्यांवर त्यांची चादर आली. जेवणाची वेळ टळून गेली. मग मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"नाही आली," बाबा म्हणाले.

"नाही येणार आता, बाबा."

"हो," ते म्हणाले, आणि तिथेच, मुलीसमोर, तोंडावर दोन्ही हात घेऊन रडले. आई गेल्यापासून त्यांना रडताना मी बघितलं नव्हतं. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या बोटांना लाल रंग लागलेला होता. तो त्यांच्या पांढऱ्या होऊ लागलेल्या केसांना लागला आणि पुढे कितीतरी दिवस निघाला नाही.

ती गाडी आम्ही पुष्कळ वर्षं चालवली. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे आली. मी अजून त्याच घरात आहे. मोरिता-सानांच्या मुलाने ते मला विकलं. लाल रंगाला ऊन सोसत नाही, हे बाबांनी तेव्हाच सांगितलं होतं. बॉनेट आता फिकट झालंय, मधोमध तर जवळजवळ गुलाबी. वर्कशॉपवाला दर तपासणीला म्हणतो, हे सगळं खरवडून काढू, नवा रंग देऊ, एकदम नवी दिसेल. मी नको म्हणते. खाली सीलर आहे, त्याखालचं कधी वर येणार नाही, हे मला पुरतं ठाऊक आहे. शेवटी रंगाच्या माणसाची मुलगी आहे मी. तरी चांगलं ऊन पडलं की मी गाडी शेडमधून अंगणात घेते, कुकर लावते, आणि बाबांचं स्टूल बॉनेटसमोर ओढून बसते.